ऐकू आलं न्हाय

गुंजीच्या रानात जळणाची मोळी बांधायची रुक्माबाईची एक रीत होती. केवणीच्या सालीचा दोर ती आधी पाण्यात भिजवी, लाकडांभोवती दोन वेढे देई, मग मोळीवर गुडघा रोवून दोर ओढत जाई. ओढता ओढता आतलं एखादं लाकूड कुरकुरे. रुक्माबाई तिथेच थांबे आणि गाठ मारी.

"लाकूड बोललं की थांबायचं," ती लेकाला सांगे. "त्याच्या म्होरं वडलास तर दोर तरी तुटंल, न्हायतर लाकूड तरी मोडंल."

भावकू तिचा एकुलता एक. बाप त्याला आठवत नव्हता. आठव्या वर्षापासून तो आईबरोबर मोळ्या बांधत होता, आणि सोळाव्या वर्षी त्याचे पंजे असे झाले होते की खानापूरच्या बाजारात लोक त्याच्या हातात नारळ देऊन गंमत बघत. कुणीतरी त्याला बेळगावला ज्योतिबा वस्तादांच्या तालमीत नेऊन सोडलं. वस्तादांनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "रांगडं हाय. ऱ्हाऊ दे."

कुस्तीत मोळी नावाचा एक डाव आहे. एक हात समोरच्याच्या मानेवरून घालायचा, दुसरा त्याच्या गुडघ्याखालून, आणि दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून मान आणि गुडघा जवळ आणायचे. माणूस भाऱ्यासारखा वाकतो आणि पाठीवर येतो. वस्ताद पुढे सांगत की या पोराला हा डाव शिकवावा लागला नाही, नुसतं त्याचं नाव सांगावं लागलं.

त्या तालमीत मराठी आणि कन्नड पोरं एकाच मातीच्या हौदात घुमत. बैठका कन्नडमध्ये मोजत, शिव्या मराठीत देत. आणि एक शब्द सगळ्यांचा होता, बिड. कन्नडमध्ये बिड म्हणजे सोड. डाव आवळला, श्वास कोंडला की खालचा 'बिड' म्हणे, वरचा हात काढून घेई, आणि दोघं पुन्हा उभे राहत. दिवसातून वीस वेळा हा शब्द निघे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

मैदानात मात्र गोष्ट वेगळी होती. मैदानात बिड म्हणणारा पाठ न लागताच हरे, आणि वर जन्मभर त्याचं हसं होई. जिंकणाऱ्यालाही त्यात समाधान नसे. तशा कुस्तीला लोक 'तोंडी कुस्ती' म्हणत आणि तिच्या विजेत्याला फेटा बांधताना हलगीवालासुद्धा हात राखून वाजवी.

आण्णाप्पा त्याच तालमीत एक पावसाळा राहून गेला होता. चिक्ककोप्प नावाच्या, बेळगावच्या पूर्वेला दहा-बारा कोसांवरच्या गावचा. घरी कन्नड, तालमीत मराठी, आणि दोन्हींत सारखाच थट्टेखोर. सन एकोणीसशे अकराच्या चैत्रात येळ्ळूरच्या मैदानात या दोघांची जोड लागली. निकाली कुस्ती, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत सुटका नाही.

सलामीला हात मिळवताना आण्णाप्पा हसला. "काय रे मोळीवाल्या, गाठ मारायला आईला आणलास का न्हाय?"

"तुलाच बांधून न्हेतो घरला," भावकू म्हणाला. "पावसाळ्याचं जळण हुईल."

दोघंही हसले. मग शड्डू ठोकले.

पाऊण तास कुस्ती हलली नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा आण्णाप्पा पाय धरायला पटात घुसला आणि फसला. भावकूचा एक हात त्याच्या मानेवरून गेला, दुसरा गुडघ्याखालून, आणि पंजे अडकले. हलगी, शिट्ट्या, हजार माणसांचा गलका, हे सगळं वर कुठेतरी होतं. खाली त्या दोघांच्या तोंडांमध्ये चार बोटांची जागा होती आणि तिथे फक्त श्वास ऐकू येत होता. त्या जागेतून शब्द आला.

"बिड."

मग आणखी हळू, "भावकू, बिड रे."

त्याच वेळी भावकूच्या मनगटाखाली काहीतरी कुरकुरलं. ते त्याच्या ओळखीचं होतं.

त्याने सोडलं असतं तरी जिंकला तोच असता. पण ती तोंडी कुस्ती झाली असती. आणखी एक ओढ दिली की पाठ लागते, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला, एका श्वासाचा. पुढे छत्तीस वर्षं त्याने तो श्वास उलटापालटा करून पाहिला आणि त्यात दुसरं काही सापडलं नाही. राग नव्हता. वैर नव्हतं. त्याने ओढलं.

अगदी लहानसा आवाज झाला, वाळकी काटकी पायाखाली यावी तसा. आण्णाप्पाचं अंग एकदम हलकं लागलं आणि पाठ मातीवर आली. लोकांनी भावकूला खांद्यावर घेतलं. तिथून तो खाली बघत होता. आण्णाप्पा पडल्या जागी पडून होता. डोळे उघडे होते, बोटं मातीत होती आणि ती हलत नव्हती.

मैदानाच्या कडेला पाण्याच्या घागरींपाशी ज्योतिबा वस्तादांनी त्याला बाजूला घेतलं.

"म्हणला व्हता काय त्यो?"

भावकू दंडावरची माती पुसत राहिला. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लांब घोळका करून उभ्या पंचांकडे. ऐकूनही न सोडणाऱ्याला कुठलंच मैदान पुन्हा दारात उभं करत नसे, आणि त्याच्या वस्तादालाही.

"लई गलका व्हता," वस्ताद म्हणाले. "हलगी व्हती. तुला ऐकू आलं न्हाय. व्हय ना रं?"

"व्हय."

"व्हय न्हवं. तोंडानं म्हण."

"ऐकू आलं न्हाय."

पंचांसमोर त्याने ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं ते आण्णाप्पाच्या बापासमोर, बैलगाडीपाशी. गाडीत गवतावर आण्णाप्पाला निजवलं होतं. तो ऐकत होता. तीन शब्द संपले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

पंचांनी ठरवलं, दोष कुणाचाच नाही.

*

पुढच्या हंगामात भावकूने दोन कुस्त्या केल्या आणि दोन्ही हरला. डाव जुळून येई, मान काखेत येई, पंजे एकमेकांना भेटत आणि आपोआप सुटत. जोर कमी झाला नव्हता. खांबाला धरून तो अजून खांब हलवी. माणसाच्या मानेपाशी हात त्याचं ऐकत नसत. लोक म्हणाले नजर लागली. वस्तादांनी दंडाला ताईत बांधला.

तो गुंजीला परतला. रुक्माबाईने काही दिवस काही विचारलं नाही. मग एकदा मोळीवर गुडघा रोवता रोवता म्हणाली, "भावकू, लाकूड बोललं न्हवतं?"

"गलका लई व्हता आई."

"कानानं न्हवं रं. हातानं कळतंय ते."

त्यानंतर तिने त्याला दोर धरायला बोलावलं नाही. एकटीच ओढत राही आणि लाकूड कुरकुरलं की त्याच्याकडे न बघता गाठ मारी.

एकदा तो चिक्ककोप्पला गेला. सांगायचं एवढंच होतं, मला ऐकू आलं होतं. वाटेत त्याने ते वाक्य शंभरदा म्हणून पाहिलं. गावाच्या कडेच्या कुंपणाआडून त्याला आण्णाप्पाचं अंगण दिसलं. बाजेवर आण्णाप्पा होता, मानेच्या दोन्ही बाजूंना चिंध्यांच्या उश्या. त्याची धाकटी बहीण राजाबाई त्याला आंबील पाजत होती. घोटभर आत जाई, घोटभर ओघळे, आणि ती पदराने पुसून पुन्हा वाटी लावी. आण्णाप्पाचे दंड अजून पैलवानाचे होते. भावकू कुंपणाआड उभा राहिला, आणि वाटी रिकामी व्हायच्या आत मागे फिरला.

लोंढ्याच्या स्टेशनात जुझे नावाचा गोव्याचा एक स्वयंपाकी होता. त्याचा भाऊ आफ्रिकेत रेल्वेच्या साहेबाकडे होता आणि तिकडे दांडग्या हातांना काम मिळतं असं जुझे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. एकोणीसशे बाराच्या थंडीत भावकू गुंजीला गाडीत बसला आणि मुरगाव बंदराला उतरला. रुक्माबाई स्टेशनवर आली होती. तिने भाकरी दिल्या. ज्या फडक्यात त्या बांधल्या होत्या त्याची गाठ त्याला बोटीवर सुटता सुटली नाही.

*

नैरोबीला रेल्वेचा मोठा कारखाना होता. तिथे तो रूळ उचली, चाकं ढकली. कारखान्यातले पंजाबी फिटर रेल्वेच्या चाळींत राहत आणि चाळींच्या मागे त्यांनी कुस्तीचा हौद केला होता. माती तांबडी, खानापूरकडच्यासारखी. भावकू रोज संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाई. सात महिने तो असाच गेला.

एक दिवस तिथला एक म्हातारा फिटर मुद्दाम रस्ता ओलांडून त्याच्या पुढ्यात उभा राहिला. "तू मुँह से कुछ नहीं बोलता," तो म्हणाला, "पर तेरे कान सब बता देते हैं, पहलवान." मातीत घासून घासून पैलवानाचे कान मोडतात, कळीसारखे मिटून घट्ट होतात. ते झाकता येत नाहीत.

तो लढणार नाही म्हणाला. शिकवशील का, म्हाताऱ्याने विचारलं. भावकू हौदाच्या कडेपर्यंत चालत गेला आणि मग हो म्हणाला.

पहिला महिनाभर त्याने एकही डाव शिकवला नाही. दोघांना समोरासमोर धरायला लावी. एकाने बिड म्हणायचं, दुसऱ्याने सोडायचं. म्हणणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत धरणाऱ्याचे हात उघडले पाहिजेत. मग म्हणणाऱ्याने आधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा, सोडणाऱ्याने नंतर. हा क्रम चुकला तर पुन्हा. कुणी हसला तर त्याने हौद झाडायचा.

"उस्ताद, आप तो हारना सिखा रहे हो," करतारसिंग नावाचा तरणाबांड फिटर वैतागून म्हणाला.

"पकडना सब को आता है," भावकू आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "छोडना सीखो."

"और लड़ना?"

"वो बाद में. वो आसान है."

त्याला लोक 'बिडवाले उस्ताद' म्हणू लागले. शब्द हौदातून कारखान्यात गेला. साखळीला टांगलेली चाकं खाली घ्यायची असली की पंजाबी मिस्त्री 'बिड, बिड' ओरडे आणि स्वाहिली बोलणारे हमाल साखळी ढिली करत. गुजराती कारकून पोरांना रागावताना म्हणत, बिड की आता. शब्द कुठला हे कुणी विचारलं नाही. पंजाब्यांना तो मराठी वाटे, गुजरात्यांना पंजाबी. त्या शब्दात लाज असते हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकूला संध्याकाळी हौदाच्या कडेला बसून ते ऐकताना वाटे, आण्णाप्पाला इथे आणून बाजेवर ठेवावं आणि हे ऐकवावं.

मग त्याला बाजेची आठवण येई आणि तो उठून जाई.

गुंजीच्या मास्तरांच्या अक्षरात सन तेवीसमध्ये पत्र आलं की रुक्माबाई गेली. रानातच, मोळीपाशी. चिक्ककोप्पची बातमी त्याला कुणी कळवण्याचं कारण नव्हतं आणि त्याने कधी विचारली नाही. विचारायचं तर का विचारतो हे सांगावं लागलं असतं. दर चार-पाच वर्षांनी रजा मिळे. एकदा तर तो मोंबासाच्या धक्क्यापर्यंत आला, बोटीची शिडी उतरलेली पाहिली आणि पेटी उचलून परतीच्या गाडीत बसला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "गावाकडं एक काम ऱ्हायलंय. ते झालं की बघू."

एकोणतीस साली मोंबासाच्या एका नावाजलेल्या मल्लाबरोबर करतारची कुस्ती ठरली. सगळा कारखाना लोटला होता. करतारने मोंबासावाल्याला खाली घेतलं आणि भावकूचीच मोळी घातली, पंजे अडकवले. मोंबासावाला चकार शब्द बोलेना. दात आवळून पडला होता. भावकू कडेला बसला होता. त्याने त्या माणसाची मान पाहिली, मानेवरची शीर पाहिली, आणि उभा राहून ओरडला, "बिड!"

करतारचे हात उघडले. अठरा वर्षांचा असल्यापासून ते त्या शब्दाला उघडत आले होते. मोंबासावाला सुटला, उलटला, आणि करतारची पाठ मातीला लागली.

लोकांनी भावकूवर चपला फेकल्या. करतार अंगावरची माती न झाडता त्याच्यासमोर आला. "उसने नहीं कहा था, उस्ताद," तो म्हणाला. "उसने तो कहा ही नहीं था."

"लाकूड बोललं व्हतं," भावकू मराठीत म्हणाला. ते तिथे कुणालाच कळलं नाही.

करतार पुन्हा त्या हौदात आला नाही. रस्त्यात भेटला तर पलीकडच्या कडेने जाई. पोरं कमी झाली, मग काही वर्षांनी दुसरी आली. आपल्याच पठ्ठ्याला हरवणारा उस्ताद म्हणून नव्यांना त्याची ओळख करून दिली जाई. तो ऐकून घेई आणि पहिल्या दिवशी त्यांना एकच शब्द शिकवी.

*

सत्तेचाळीसच्या मार्चात तो परतला. रेल्वेने त्याला निवृत्त केलं होतं आणि त्याचे हात कापायला लागले होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला चहाची बशी धरताना कळलं होतं. मुरगावहून गाडीत लोक एकच बोलत होते. "सोडून जाणार म्हणे इंग्रज." "हात काढतील तवा खरं." तो खिडकीशी बसून ऐकत राहिला.

गुंजीला त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. आईचं घर होतं तिथे आता कुणाचा गोठा होता. तो दोन दिवस कसाबसा थांबला, मोटारीने बेळगाव ओलांडून फाट्यावर उतरला आणि तिथून चिक्ककोप्पला चालत गेला.

गावाच्या तोंडालाच गरडी होती. कन्नड मुलुखात तालमीला गरडी म्हणतात. आत दोन जवान झोंबत होते, बाकीचे भिंतीला टेकून ओरडत होते. खालच्याची मान वरच्याने आवळली होती.

"आण्णाप्पा म्हण! म्हण आण्णाप्पा!"

खालच्याने दम धरला, धरला, आणि मग घुसमटून ओरडला, "आण्णाप्पाऽ!" सगळे हसले. वरच्याने सोडलं.

भावकूने दाराच्या चौकटीला हात लावला. "असं का म्हणताय रं?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"हार मानायची तर असंच म्हणतात अज्जा," अंग पुसत एकजण म्हणाला. "हिकडल्या साऱ्या गावांत म्हणतात. लई जुनं हाय."

"कोण आण्णाप्पा?"

"असंल कोण तरी. भित्रं असंल."

राजाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाज नव्हती. तिचे केस पांढरे झाले होते. तिने वर पाहिलं, त्याच्या तोंडाकडे नाही, कानांकडे, आणि पुन्हा शेंगांकडे बघितलं.

"येळ्ळूरचा," ती म्हणाली. "बस."

पाणी आणायला ती उठली नाही. ती कन्नडच बोलत होती, मधूनच त्याच्यासाठी म्हणून मराठी.

"आण्णाप्पा…"

"मानमोडीत गेला. सात वर्षं बाजंवर काढली आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्यालाबी लोक हसले. म्हणले, त्याची तर आधीच मोडल्याली, परत काय मोडायला आल्ती?"

भावकू मातीत बसला. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य त्याने खाली बघत म्हटलं. "आक्का, मी एक सांगाया आलोय. त्या दिवशी तुझा भाऊ बिड म्हणला व्हता. मला ऐकू आलं व्हतं."

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला नाही.

"ठावं हाय," राजाबाई म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"जागेपणी त्यानं एकदाबी कबूल केलं न्हाय. बापानं मरताना विचारलं, तरी न्हाय. मी म्हणलोच न्हाय, म्हणायचा. पर झोप लागली की त्येच. बिड, भावकू, बिड रे. मी उशाला असायची. तू एकदाच ऐकलास. मी सात वर्षं ऐकलं."

"आक्का…"

"थांब. आता तू ऐक." तिने सूप बाजूला ठेवलं. "तू त्या दिवशी म्हणला असतास, त्यो म्हणलाच न्हाय, तर आमी मान वर करून जगलो असतो. मोडला पर म्हणला न्हाय, असं लोक बोलले असते. तू काय म्हणलास? ऐकू आलं न्हाय. ऐकू आलं न्हाय म्हंजे काय रं? म्हणला व्हता, पर ऐकू आलं न्हाय. साऱ्या मुलुखानं त्योच अर्थ घेतला. माझा भाऊ सात वर्षं न्हाय न्हाय म्हणत मेला आणि कुणी इश्वास ठेवला न्हाय. गरडीवरनं आलास न्हवं? पोरं काय म्हणत्यात ऐकलास?"

"ऐकलं."

"आता बरं ऐकू येतंय."

भावकूने कधी हा विचार केला नव्हता. त्या तीन शब्दांनी तो स्वतः सुटला होता, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते शब्द दुसऱ्या कुणावर जाऊन बसले असतील, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"सांजंला गरडीत चल," राजाबाई म्हणाली. "त्या येळचे दोघं-तिघं म्हातारे अजून हाईत. त्यांच्यासमोर सांग, आण्णाप्पा बिड म्हणला न्हाय."

"मी खरं सांगाया आलोय आक्का."

"मला सांगितलास. झालं. तुला ठावं, मला ठावं. तिसऱ्याला नको. पयलं खोटं सोतासाठी बोललास, एक त्याच्यासाठी बोल."

"तकडं आफ्रिकेत," भावकू म्हणाला आणि थांबला. तिला ते कसं सांगावं त्याला कळेना. "तकडं मी पोरास्नी ह्येच शिकवलं. ते म्हणण्यात लाज न्हाय. माझा सारा जलम त्यातच गेला."

"तकडं नसंल," राजाबाई म्हणाली. "हितं हाय."

*

दिवस मावळायच्या आत गरडी भरली. बाई गरडीत जात नाही, म्हणून राजाबाई दाराबाहेर उभी राहिली. तीन म्हातारे भिंतीपाशी बसले होते. भावकूने चपला काढल्या, हौदात उतरला आणि मातीत गुडघे टेकून बसला.

"मी भावकू. गुंजीचा," त्याने सांगितलं. "येळ्ळूरच्या मैदानात आण्णाप्पाची मान माझ्या हातनं मोडली. मी तवा म्हणलो व्हतो, मला ऐकू आलं न्हाय. ते खोटं. ऐकू येण्याजोगं काय न्हवतंच. आण्णाप्पा बिड म्हणला न्हाय. शेवटपत्तोर म्हणला न्हाय."

मघा अंग पुसणारा जवान तोंड उघडं टाकून बघत होता. म्हाताऱ्यांपैकी मधला, ज्याचेही कान मोडलेले होते, पुढे झुकला.

"म्हणला न्हाय, तर ठीक. न सांगता मोडली आसंल. तुला कळलं न्हाय आसंल."

तिथे थांबता आलं असतं. म्हाताऱ्याने वाट दाखवली होती, जशी एकदा ज्योतिबा वस्तादांनी दाखवली होती. भावकूने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कळलं व्हतं," तो म्हणाला. "मोडतीया ते हाताला कळलं व्हतं. तरी वडलो."

"कळलं व्हतं?"

"व्हय."

"आणि वडलास?"

"व्हय."

म्हातारा मागे सरला. "मग तू पैलवान न्हवंस," तो म्हणाला. "खाटीक हाईस."

"व्हय," भावकू म्हणाला.

"ऊठ त्या मातीतनं."

तो उठला. कडेला येऊन चपला घालायला वाकला तेव्हा म्हातारा पुन्हा बोलला. "गुडघ्यांची माती झाड. ती हितंच ऱ्हाऊ दे."

भावकूने गुडघे झाडले. धोतराला माती चिकटून बसली होती, ती त्याने नखांनी खरवडून काढली. त्याला वेळ लागला.

बाहेर राजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो त्याच्या हातात दिला नाही, पुढ्यात जमिनीवर ठेवला. तो उकिडवा बसून प्यायला. रिकामा तांब्या तिने उचलला, पदराने पुसला आणि घराकडे वळली.

"आक्का, येतो," तो म्हणाला.

"जा," ती म्हणाली.

तो फाट्याच्या वाटेला लागला. मागे गरडीत पुन्हा झोंबी सुरू झाली. अंगावर अंग आदळल्याचा आवाज आला, मग घुसमटलेला श्वास. कुणीतरी खाली आलं होतं. भावकू थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. जुनं नाव त्या पोराच्या ओठांवर आलं असेल आणि आज ते उच्चारवत नसेल. मातीवर तळहाताची एक थाप पडली. मग दुसरी, घाईची. आणि मग, अगदी स्पष्ट, "बिड. बिड लेऽ."

फाट्यावर शेवटच्या मोटारीचा भोंगा वाजला. भावकू हलला नाही. त्याचे दोन्ही पंजे केव्हाच उघडले होते. पण आतल्याने हात काढले की नाही, ते इथून कळत नव्हतं. सोडल्याचा आवाज होत नाही. तो तसाच वाटेवर कान देऊन उभा राहिला.